चौकटी

औशाच्या रस्त्याला, खतांच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर आमची खोली.
खालून फवारणीच्या औषधाचा वास चढतो.
वर बारा पडदे, बारा खुर्च्या
आणि भिंतीवर डकवलेला कागद :
माणूस कशाला म्हणावं.

डोकं किंवा धड दिसायला हवं.
सावलीला चौकट नको.
आरशातल्याला नको.
पुतळा, बाहुली, चित्र : वस्तू.
शंका असल्यास पुढे जा.

रोज सकाळी आत शिरताना
मला आधी खूण करावी लागते
की मी यंत्र नाही.
नऊ खिडक्यांतून सिग्नलचे दिवे हुडकून दाखवते.
आमच्या चौकात एकच आहे, तोही बंद.
मग ते मला आत घेतं.

ते म्हणजे मॉडेल.
अस्लमभाई त्याला पोरगं म्हणतात.
पोरगं काल चुकलं. पोरगं शिकायलंय.
मला एल-चाळीस म्हणतात.

एका चौकटीला चाळीस पैसे.
कापडदुकानातली बिनमुंडक्याची बाई : वस्तू.
तिच्या अंगावरलं लुगडं मला आवडलं होतं,
ते सांगायला रकाना नाही.
बुजगावणं : वस्तू,
कुणाच्या बापाचा सदरा घातलेलं असलं तरी.
बहुरूपी, अंगभर शेंदूर, मागं शेपूट.
पोरगं म्हणालं, माकड.
मी खोडलं. त्याचे दात पानानं रंगलेले,
आणि माकड पान खात नाही.
हे कागदावर कुणी लिहिलेलं नाही.

बसस्टँडच्या बाकावर
डोक्यावरून चादर ओढून निजलेलं कुणीतरी.
डोकं नाही, धड नाही, पायसुद्धा नाहीत.
चादर एके ठिकाणी जराशी ओली होती,
तोंडाच्या वाफेनं असावी.
मी लिहिलं, माणूस.
संध्याकाळी चाळीस पैसे कापले गेले.

आई विचारते, काय करायलीस गं तिथं दिवसभर?
माणसं हुडकायलेय.
हरवलीत व्हय?

येळवस होऊन आठवडा झाला होता,
तेव्हा तो फोटो आला.
काळं रान, घाट्याला आलेला हरभरा,
कडब्याची कोप, आत चुना दिलेले
पाच दगड, एकमेकांना खेटून.
पोरानं चौकटी आधीच आखलेल्या :
माणूस, माणूस, माणूस, माणूस, माणूस.
खात्री शंभरात एकसष्ट.
आणि कोपीच्या तोंडाशी
घोंगड्याची खोळ घेऊन वाकलेलं,
पाठमोरं, आंबील शिंपडणारं कुणी :
वस्तू. पोतं.
खात्री शंभरात अठ्ठ्याऐंशी.

पोतं खोडलं. ते सोपं होतं.
दगडांवर हात अडला.
गेल्या आठवड्यात मीच तसल्या पाचांना
भज्जीचा घास लावला होता,
उंड्याचा तुकडा पुढं ठेवून
जरा बाजूला सरकले होते,
जेवणाऱ्याकडं टक लावू नये म्हणून.
आई तिथून उठली ती मागं मागं सरकत,
त्यांना पाठ न दाखवता.
या पोराला हे कुणी सांगितलं?
मी तर नाही.
मी त्याला फक्त डोकी दाखवली, धडं दाखवली,
हजारो, रोज, चाळीस पैशांनी.

कागद म्हणतो, पुतळा वस्तू.
पण हे पुतळे नव्हेत. नाक नाही, डोळे नाहीत,
नांगराला लागले म्हणून बांधावर टाकलेले दगड,
वर्षातनं एक दिवस पाहुणे होतात,
दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर शेळी चढते.
दुसऱ्या दिवशीचा फोटो असता
तर मी एवढा वेळ लावला नसता.

अस्लमभाई खुर्चीमागं येऊन थांबले.
काय अडलं, एल-चाळीस?
दैवशाला, मी म्हणाले.
ते पडद्याकडं वाकले, चष्मा वर सारला.
कुठंय? यातली कोणती?

मग जेवायची सुट्टी झाली.
बाकीच्या पोरी डबे घेऊन गच्चीत गेल्या.
मी काहीच दाबलं नाही
म्हणून पडदा आधी मंद झाला, मग काळा.
त्यात एक डोकं,
खांद्यापर्यंतचं धड.
आरशातल्याला नको.